पॅजेटच्या होम्सची ती रेषा पॅजेटची नाहीच

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवाळी अंकातल्या एका रहस्यकथेची चित्रं काढायची आहेत, स्ट्रँड या जुन्या इंग्रजी मासिकात सिडनी पॅजेटनं काढलेल्या शेरलॉक होम्सच्या चित्रांसारखा फील पाहिजे, तर तसं बारीक रेषांचं शेडिंग करायला कुठला निब आणि कुठली शाई घ्यावी, आणि जमलं नाही तर ती जुनी चित्रंच सरळ छापली तर चालतं का.

निबचं आधी सांगून टाकतो. कुठलाच नाही. मी मासिकांसाठी आणि मुखपृष्ठांसाठी चित्रं काढत आलोय, शिकवतोही, आणि दरवर्षी कुणीतरी पोरगं पॅजेटचं चित्र मोबाईलवर दाखवून हेच विचारतं, नि मग महाग जपानी निब आणून आठ-आठ तास क्रॉसहॅचिंग, म्हणजे आडव्या-तिडव्या रेषांचं शेडिंग, करत बसतं आणि शेवटी चित्र लोकरीच्या स्वेटरसारखं दिसायला लागतं. कारण सिडनी पॅजेटनं त्या रेषा काढल्याच नव्हत्या. तो ब्रशनं काम करायचा, काळा-पांढरा-करडा वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचे थर), वरून पांढऱ्या गॉशचे हायलाइट, म्हणजे आपण पोस्टर कलरमध्ये करतो साधारण तसलंच काम. रेषा आल्या त्या पुढच्या टप्प्यात, दुसऱ्याच माणसाच्या हातून.

ते कसं व्हायचं ते नीट समजून घ्या, म्हणजे तुमचा अर्धा प्रश्न सुटेल. स्ट्रँड मासिक जॉर्ज न्यून्सनं जानेवारी १८९१ मध्ये लंडनला सुरू केलं, किंमत सहा पेनी, आणि पानापानावर चित्र हा त्याचा मोठा आग्रह. त्याच वर्षी जुलैच्या अंकात होम्सची पहिली लघुकथा आली, बोहेमियाच्या राजाची. तेव्हा मजकूर खिळे जुळवून छापला जायचा, म्हणजे जो भाग वर उठलेला त्याला शाई लागणार नि तोच कागदावर उमटणार, मग चित्रही तसंच उठावाचं हवं ना, तरच ते खिळ्यांच्या शेजारी एकाच फर्म्यात बसणार. आता वॉशचा करडा टोन उठावात कसा आणायचा? शाई एकच, काळी. म्हणून पॅजेटच्या चित्राचा फोटो बॉक्सवूडच्या ठोकळ्यावर उतरवायचे, आणि खोदणारा कारागीर बारीक कोरणी घेऊन तो करडेपणा रेषांत फोडायचा. बॉक्सवूड हे अगदी घट्ट लाकूड, त्याचा आडवा छेद घ्यायचा म्हणजे कोरणी कुठल्याही दिशेला सारखी चालते, आणि झाड बारीक असल्यामुळे मोठा ठोकळा एका तुकड्यात मिळत नाही, तर छोटे तुकडे जोडून करतात. कारागीर जे कोरतो ते पांढरं, जे ठेवतो ते काळं. म्हणजे तुम्हाला पेनानं काढलेली काळी रेष वाटते ती खरं तर दोन पांढऱ्या चरांच्या मधे उरलेली जागा आहे!

हे भिंगाखाली बघा, दहापट वाढवणारं साधं भिंग पुरतं. होम्सच्या ड्रेसिंग गाऊनवर बघा, रेष कुठं जाड होते कुठं बारीक होते, पण दोन रेषांमधला पांढरा चर मात्र टोकाला निमुळता होत जातो, सुरू होताना टोक, मधे फुगीर, शेवटी परत टोक. ही कोरणीची चाल. निब असं करत नाही, निब काळ्याला निमुळतं करतो. बऱ्याच चित्रांच्या एका कोपऱ्यात एस आणि पी अशी पॅजेटची जोडाक्षरी सही असते आणि दुसऱ्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात खोदणाऱ्याचं किंवा त्याच्या वर्कशॉपचं नाव. दोन सह्या. लोकांना एकच दिसते.

पुढे हाफटोन आला, म्हणजे चित्राचा करडेपणा बारीक ठिपक्यांत फोडून छापायची पद्धत, आणि खोदणाऱ्यांचं काम हळूहळू गेलं. बास्करव्हिलचा कुत्रा स्ट्रँडमध्ये ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ असा क्रमशः आला, पॅजेटची ६० चित्रं, आणि ती बघितलीत तर रेषा गायब, ठिपके आलेले. तिथं पॅजेटचा स्वतःचा ब्रश जास्त जवळून दिसतो, माळरानावरचं धुकं, रात्र, हे सगळं हाफटोनमध्ये छान उतरलंय, पण त्या काळच्या हाफटोनला एक खोड होती, पूर्ण पांढरं काही मिळायचं नाही, सगळ्या चित्रावर पातळ करडा पडदा. म्हणून मग हाफटोनच्या प्लेटवरही हातानं हायलाइट मोकळे करायचे. आणि गंमत म्हणजे या हाफटोनच्या शास्त्रात तेव्हा कलकत्त्यात बसून एक माणूस मूलभूत काम करत होता, उपेंद्रकिशोर राय चौधरी, त्यांचे लेख लंडनच्या पेनरोज या छपाईविषयीच्या वार्षिकात छापून यायचे. त्यांनी १९१३ मध्ये संदेश नावाचं मुलांचं मासिक काढलं, आणि मधे बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या त्याच मासिकात १९६५ मध्ये त्यांच्या नातवानं, सत्यजित राय यांनी, फेलूदा हा डिटेक्टिव्ह आणला आणि चित्रंही स्वतःच काढली. तुम्हाला निबनं, शाईनंच काम करायचं असेल ना, तर पॅजेट सोडा आणि फेलूदाची चित्रं समोर ठेवा. ती खरोखर रेषेत विचार करून काढलेली आहेत, मोजकी रेष, भरपूर काळा, आणि आजच्या ऑफसेटवर जशीच्या तशी छापता येतील अशी.

तरी पॅजेटसारखंच पाहिजे म्हणत असाल तर दोन रस्ते. एक, तो जे करायचा तेच करा: करड्याच्या चार-पाच पायऱ्या ठरवून वॉश, छापायच्या आकारापेक्षा थोडं मोठं काढायचं. फार मोठंही नको, राइशेनबाखच्या धबधब्याचं त्याचं मूळ चित्र पावणेसात बाय साडेदहा इंचांचं आहे, एवढ्याशा कागदावर ते सगळं नाट्य बसवलंय. दुसरा रस्ता, खोदणारा जे करायचा ते करा: स्क्रॅपरबोर्ड घ्या, पांढऱ्या मातीचा थर दिलेला पुठ्ठा असतो आणि वर काळी शाई, ती टोकदार हत्यारानं खरवडायची, म्हणजे आपोआप काळ्यातून पांढरं काढायची सवय लागते. डिजिटल करत असाल तर काळा लेयर नि पांढरा ब्रश, तत्त्व तेच. आधी वॉशमध्ये टोन ठरवा, मगच खरवडायला घ्या, उलटं केलंत तर पोत येईल पण उजेड कुठून येतोय तेच कळणार नाही. लिनोकट सुचवतील लोक, पण लिनो मऊ असतो, एवढी बारीक रेष धरत नाही.

पण हे सगळं तंत्र बाजूला ठेवलं तरी चालेल असं माझं मत आहे, कारण तुम्ही ज्याला फील म्हणताय तो रेषेत नाहीये. तो आहे कुठला क्षण काढायचा आणि कुठला नाही, यात.

पॅजेटनं स्ट्रँडसाठी होम्सची ३५६ चित्रं काढली, ३७ लघुकथा आणि एक कादंबरी. कादंबरीची ६० बाजूला काढली तर गोष्टीमागे सरासरी आठ. आठ चित्रं म्हटल्यावर आपल्याकडचा चित्रकार काय करेल? खून, प्रेत, पिस्तूल, पळापळ, किंकाळी. पॅजेटची चित्रं एका बैठकीत ओळीनं बघून घ्या, बहुतेक चित्रांत माणसं बसून बोलताहेत. खुर्चीत बसलेला अशील, पुढे वाकलेला होम्स, हातात पत्र, टेबलावर दिवा, बस. अगदी पहिल्या गोष्टीतलं पहिलं चित्र घ्या, होम्स शेकोटीकडं पाठ करून उभा आहे आणि खुर्चीतल्या वॉटसनकडं, आपल्या मित्राकडं, बघतोय. काहीच घडत नाहीये. पण होम्स बघतोय! तुम्हाला लगेच वाटतं की यानं आपल्याला आरपार वाचलंय. रहस्यकथेत घडामोड म्हणजे धावपळ नसते, कुणीतरी कुणाकडं तरी नीट बघणं हीच घडामोड, आणि हे त्याला कळलं होतं.

दुसरं, रहस्यकथेच्या चित्रकाराची एक अडचण असते ती प्रेमकथेच्या चित्रकाराला नसते. त्याला गुपित माहीत असतं आणि चित्र तर वाचकाच्या डोळ्यात मजकुराच्या आधी शिरतं. पान उलटलं की आधी चित्र दिसणार, मग तुम्ही ओळी वाचणार. तेव्हा दाखवायचं तर आहे, पण फोडायचं नाही.

हे बोहेमियाच्या गोष्टीत कसं केलंय ते बघण्यासारखं आहे (गोष्ट वाचली नसेल तर हा परिच्छेद सोडा). होम्स पाद्र्याच्या वेषात आयरीन अ‍ॅडलर या बाईच्या घरी जाऊन येतो, वॉटसनबरोबर बेकर स्ट्रीटवर दारात पोचतो, किल्ली शोधतोय तेवढ्यात रस्त्यानं जाणारा एक सडपातळ पोरगा गुड नाइट मिस्टर शेरलॉक होम्स म्हणून निघून जातो. ती आयरीनच असते, पुरुषी वेषात, आणि होम्सला ते दुसऱ्या दिवशी तिच्या पत्रातून कळतं. पॅजेटनं नेमका हाच क्षण काढलाय. म्हणजे कथेतली सगळ्यात मोठी लबाडी त्यानं चित्रात उघड्यावर ठेवलीये, लपवलेली नाही, आणि पोरगा पोरगाच काढलाय. केसांची बट बाहेर आलेली, ओठ जरा नाजूक, असली सूचक कलाकुसर काही नाही. वॉटसनला जेवढं दिसलं तेवढंच तुम्हाला. शेवट वाचून परत मागं येऊन चित्र बघता आणि तोंडातून अरे निघतं. नवशिक्या चित्रकाराला इथं मोह आवरत नाही, त्याला वाटतं वाचकाला थोडा हिंट द्यावा. नका देऊ. हिंट द्यायचं काम लेखकाचं.

आणि याच्या उलट उदाहरणही पॅजेटचंच, ते धबधब्याचं. डिसेंबर १८९३ मध्ये होम्सचा लेखक डॉयल यानं होम्सला मारलं, आणि स्ट्रँडनं होम्स नि त्याचा शत्रू मोरिआर्टी कड्याच्या टोकावर झुंजताहेत, होम्सची टोपी खाली दरीत चाललीये असं पानभर चित्र छापलं, खाली ओळ काय तर शेरलॉक होम्सचा मृत्यू. आता विचार करा, गोष्टीत हे कुणीच पाहिलेलं नाही. वॉटसनला खोटी चिठ्ठी पाठवून खाली हॉटेलकडं पळवलेलं असतं, तो परत येतो तर होम्सची काठी आणि सिगारेट केसखाली ठेवलेलं पत्र, एवढंच. झुंज झाली नि दोघं पडले हा वॉटसनचा निव्वळ तर्क. पॅजेटनं तो तर्क डोळ्यांनी पाहिल्यासारखा काढला आणि सगळ्या इंग्लंडनं तो पुरावा म्हणून स्वीकारला. मग ऑक्टोबर १९०३ च्या स्ट्रँडमध्ये होम्स परत आला आणि सांगतो काय, तर झुंज झाली खरी, पण पडला मोरिआर्टी एकटाच. म्हणजे चित्रात जे होतं ते सगळं खरंच निघालं, दोन माणसं, कडा, झुंज. खोटी ठरली ती खालची ओळ! तुमच्या चित्राखाली संपादक काय ओळ टाकणार आहे हे आधी विचारून घ्या असं मी म्हणतो ते यामुळे. स्ट्रँडमध्ये बहुतेक ओळी गोष्टीतल्याच वाक्यांच्या असायच्या, ती पद्धत चांगली आहे. हेच धबधब्याचं मूळ चित्र २००४ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात २,२०,८०० डॉलरला गेलं, हे जाता जाता.

लेखकाकडून गुपित काढून घ्यायचा एक किस्सा तर मी वर्गात नेहमी सांगतो. डिकन्सची शेवटची अर्धी राहिलेली कादंबरी, एडविन ड्रूडची, १८७० सालची. चित्रकार ल्यूक फिल्ड्स. त्याच्या लक्षात आलं की जॅस्पर या पात्राच्या गळ्यात डिकन्सनं अचानक लांब, दोनदा गुंडाळता येईल असा काळा स्कार्फ घातलाय, आधी तर साधा टाय होता, आणि चित्रं त्याप्रमाणे काढलेली. त्यानं सरळ विचारलं की हे का बदललं. डिकन्स आधी घुटमळला, मग म्हणाला तो स्कार्फ लागणारच, जॅस्पर त्यानंच एडविनचा गळा आवळणार आहे. डिकन्स त्याच वर्षी जूनमध्ये गेला, बारापैकी सहाच भाग निघाले, आणि खुनी कोण यावर अजून लोक भांडताहेत, त्यात फिल्ड्सची ही साक्ष वजनदार मानली जाते. सांगायचा मुद्दा, तुमच्या लेखक मित्राला कपड्यालत्त्याचे, वस्तूंचे मूर्ख वाटतील असे प्रश्न विचारा. छत्री कुठल्या हातात होती, घड्याळ कुठल्या मनगटावर. रहस्यकथेत चित्रकाराची चूक म्हणजे नुसती चूक नसते, वाचक तिला धागा समजून तिच्यामागे धावतो.

टोपीचंही बोलू, कारण तुमच्या डोक्यात ती असणारच. ती पुढं-मागं दोन्हीकडं झापड असलेली, कान झाकणारी डीअरस्टॉकर. डॉयलनं बॉस्कम व्हॅलीच्या गोष्टीत फक्त डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी एवढंच लिहिलं होतं, ऑक्टोबर १८९१ च्या त्या चित्रांत पॅजेटनं डीअरस्टॉकर काढली आणि ती कायमची चिकटली. पण त्यानं ती खेडेगावात, प्रवासात काढलीये, लंडनमध्ये त्याचा होम्स टॉप हॅट घालतो. मोठी वाकडी पाइपही पॅजेटची नाही, त्याचा होम्स सरळ पाइप ओढतो, वाकडी आणली ती विल्यम जिलेट या अमेरिकन नटानं नाटकात. आणि मग फ्रेडरिक डॉर स्टील या अमेरिकन चित्रकारानं १९०३ पासून कोलियर्स साप्ताहिकासाठी होम्स काढला तो जिलेटवरूनच. बघा, चित्रकारानं लेखकावर कुरघोडी केली, नटानं चित्रकारावर, आणि दुसऱ्या चित्रकारानं नटावरून काढलं. खुद्द डॉयलच्या मनात होम्स बराच कुरूप होता, ससाण्याच्या चोचीसारखं नाक नि धारदार चेहरा, पण पॅजेटनं आपला देखणा भाऊ वॉल्टर समोर ठेवून काढला असं डॉयलच म्हणतो. हा वॉल्टरही चित्रकारच, आणि काम खरं तर त्यालाच द्यायचं होतं, पाकिटावर नुसतं मिस्टर पॅजेट लिहिलेलं म्हणून ते सिडनीनं उघडलं, अशीही गोष्ट सांगतात. त्याच्याही आधी, १८८८ च्या पुस्तकात, डॉयलच्या वडिलांनी, चार्ल्स डॉयल यांनी, होम्सला दाढी काढलीये! ती आवृत्ती बघितली की कळतं की चेहरा आधीपासून ठरलेला असा काही नसतो, कुणीतरी तो ठरवतो. तुमच्या कथेतला डिटेक्टिव्ह डोंबिवलीचा असेल तर कृपा करून त्याला ओव्हरकोट घालू नका.

होम्सच्या बाहेरचंही थोडं बघा. टॉम अ‍ॅडम्सनं १९६२ पासून फोंटानाच्या अगाथा ख्रिस्ती पेपरबॅकसाठी केलेली मुखपृष्ठं, फोर्टच्या फुटपाथवर किंवा पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात अजून सापडतात. तिथं बहुतेक वेळा पॉयरोचा, म्हणजे ख्रिस्तीच्या डिटेक्टिव्हचा, चेहराच नसतो, वस्तू असतात, कवटी, फूल, किडा, बाटली, एकत्र मांडलेल्या, आणि प्रत्येक वस्तूचा गोष्टीशी संबंध. १९४० च्या दशकात डेल या अमेरिकन प्रकाशनानं तर पेपरबॅकच्या मागच्या बाजूला खुनाच्या जागेचा नकाशाच छापायला सुरुवात केली, घर, बाग, प्रेत कुठं. दिवाळी अंकात एखादा वाड्याचा नकाशा दिलात तर मला तरी फार आवडेल.

आता सरळ छापण्याचं. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पॅजेट १९०८ ला गेला, स्टील १९४४ ला, दोघंही मोकळे. टॉम अ‍ॅडम्स २०१९ ला गेला, म्हणजे त्याच्या कामाला हात लावायचा नाही, संदर्भ म्हणून बघा फक्त. पण जुनं चित्र नव्या मराठी कथेला चिकटवू नका असं मी सांगेन, ते कायद्यासाठी नाही, ज्याला होम्स माहीत आहे त्याला तो होम्सच दिसणार आणि तुमचा नायक मेला. अभ्यासासाठी स्कॅन उतरवायचा तर स्ट्रँडच्या बांधीव खंडांचे रंगीत, मोठ्या रिझोल्यूशनचे स्कॅन घ्या, पान पिवळट दिसलं तरी चालेल. नुसते काळे-पांढरे केलेले स्कॅन असतात त्यात बारीक पांढरे चर बुजतात आणि मग वाटतं पॅजेट फार गडद काढायचा. ऑनलाइन कुणी ओरिजिनल वुडकट म्हणून फ्रेम केलेलं पान विकत असेल तर मागची बाजू बघायला मागा, मागे गोष्टीचा मजकूर छापलेला असणार, म्हणजे ते फाडलेल्या खंडातलं पान आहे, लाखो प्रतींपैकी एक. घ्यायला हरकत नाही, पण पानाच्या भावात घ्या.

आणि काम सुरू करायच्या आधी अंक कुठल्या कागदावर छापणार ते प्रेसला विचारा. साध्या मॅपलिथो कागदावर शाई पसरते, बारीक रेषा एकमेकींत मिसळतात, तेव्हा दोन रेषांमधली पांढरी जागा तुम्हाला बरोबर वाटते त्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, आणि एक चित्र पूर्ण झालं की बाकीची करण्याआधी त्याच कागदावर एक प्रूफ काढून मागा.